हिरो पडून उठतो तेव्हा

तिचं नाव मी विचारलंच नाही. वडिलांच्या ऑपरेशनसाठी आम्ही सांगलीच्या एका दवाखान्यात होतो. बाहेरच्या टीव्हीवर मारधाडीचा सिनेमा लागला होता. हिरो चौथ्या मजल्यावरून पडायचा, कपडे झटकायचा आणि वर गुंडांचीच थट्टा करायचा. शेजारी बसलेली कवठे महांकाळकडची बाई पदर तोंडाला लावून हसत होती. विहिरीच्या कामावर तिचा नवरा खाली कोसळला होता, सकाळपासून तोही आत होता. आतलं दार वाजलं की तिकडं न बघता ती बाकाची कड घट्ट धरायची आणि आणखी मोठ्यानं हसायची.

मला राहवलं नाही. "मावशी, हसू कसं येतं तुम्हाला?"

"आवं, ह्यो एवढ्या वरनं पडतोय आन् हसत उठतोय," ती म्हणाली. "आज मला उठणाराच माणूस बघू द्या."

तेवढ्यात नर्सनं तिला हाक मारली. तिचं हसू थांबलं, पण पाय उचलेनात. "दादा, तुमीच इचारून या."

मी जाऊन आलो. "मावशी, शुद्धीवर आलेत. तुम्हाला बोलावतायत."

तेव्हा मात्र ती टीव्हीकडे पाठ करून ढसाढसा रडली.