शंभर कार्डं

हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात रूपराव कापूस मोजायचे. फेब्रुवारीत हंगाम संपत आला की शेवटचा पगार हातात पडायचा, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला दिल्लीत अर्थसंकल्प जाहीर व्हायचा. केशकर्तनालयात पेपर वाचून रूपराव ठरवायचे, यंदा कर कशावर वाढेल. मग माचिस, साबण, चहापत्ती आधीच घरात येऊन पडायची. कधी अंदाज बरोबर निघायचा, कधी वर्षभर तोच साबण पुरायचा.

त्या वर्षी टपालाचे दर वाढणार अशी बातमी होती. त्यांची एकुलती एक लेक शोभा रायपूरला दिलेली. रूपराव तिला पंधरवड्याला एक कार्ड टाकत. ते सरळ पोस्टात गेले आणि दहा पैशांची शंभर कार्डं घेऊन आले.

"दहा रुपयाची कार्डं?" त्यांच्या बायकोनं, विमलाबाईंनी, कपाळाला हात लावला. "त्याच्यात माह्यं लुगडं नाई तं चोळी तरी झाली असती!"

"महाग झाल्यावर म्हणजो, बरं केलं म्हणून."

आणि खरंच, कार्ड पाच पैशांनी महागलं. नवा दर लागू झाला त्या आठवड्यात रूपराव ऐटीत पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाबूनं कार्ड उलटून पाहिलं.

"काका, याच्यावर पाच पैशाचं तिकीट लावा लागते."

"पण मी तं जुन्या भावात घेतलं!"

"घेतलं जुन्या भावात. नव्या भावात धाडून राह्यले ना."

रूपराव कार्ड खिशात घालून परतले. बायकोसमोर हार कबूल करायची लाज वाटली, म्हणून तिकीटही आणलं नाही. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला, दोन महिने उलटले. विमलाबाई विचारायच्या, "पोरीले लिहिलं का?" ते नुसती मान हलवायचे.

एका सकाळी दारात रिक्षा थांबली. शोभा उतरली, एकटीच, डोळे सुजलेले.

"बाबा, तुम्ही बरे आहा ना?" ती उंबऱ्यातच रडायला लागली. "दोन महिने झाले, कार्ड नाई. मले वाटलं..."

रूपरावांना सगळं सांगावं लागलं. विमलाबाई आधी चिडल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. "पाच पैशापायी पोरीचा जीव टांगून ठेवला तुम्ही!"

"पण तू काऊन नाई लिहिलं?" रूपरावांनी लेकीला विचारलं. "वर्षाभरात तुह्यी दोनच कार्डं आली."

शोभा हळूच म्हणाली, "घरात पैसे सासूबाईच्या हातात. कार्डाले पैसे मागितले का त्या म्हणतात, माहेराचं एवढं काय लिहाचं असते? म्हणून मांगतच नाई. येण्याचं भाडंही शेजारणीकडून उसनं आणलं."

रूपराव उठले. कपाटातून कार्डांचा गठ्ठा काढून मोजून साठ कार्डं वेगळी केली. पोस्टात जाऊन पाच पैशांची साठ तिकिटं आणली आणि पाण्याचं बोट लावून एकेक चिकटवत बसले. प्रत्येक कार्डावर स्वतःचा पत्ता घातला. शोभा शेजारी बसून झालेली कार्डं पिशवीत रचत राहिली.

मग आठवड्याला एक कार्ड यायला लागलं. विमलाबाईंना वाचता येत नसे. रूपराव ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे: नळाला पाणी येत नाही, शेजारीण चांगली आहे, कारल्याची भाजी आईसारखी जमत नाही. एकदा फक्त दोन ओळी होत्या: "आज करमत नाही. बाकी ठीक." ते वाचून रूपराव दुसऱ्याच दिवशी गाडीत बसले आणि रायपूरला चार दिवस राहून आले. व्याह्यांशी काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण दिवाळीला शोभा महिनाभर माहेरी आली, आणि पोचवायला सासूबाई स्वतः आल्या होत्या.