वहीत लिहिलं होतं, घरचे

आम्ही बालवाडीतल्या शेवंताचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, केस विंचरले आणि तिला त्या माणसाच्या कडेवर दिलं. वर विचारलंही, "चहा घेता का मामा?"

मामा चहा प्यायला. शेवंताला घेऊन वळणापर्यंत गेला... आणि हसत परत आला. तो तिचा मामा नव्हताच. आम्हाला प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुख्यसेविका बाईंनी मुद्दाम पाठवलेला त्यांच्या जीपचा ड्रायव्हर होता; आदल्या दिवशी तो जीपमधून उतरलाच नव्हता. मलकापूरहून आलो, पोरीला आजोळी न्यायचंय, एवढंच तो म्हणाला होता. आम्हाला तेवढं पुरलं.

नव्या महाराष्ट्राची ती सुरुवातीची वर्षं. वरवट बकालला बालवाडी निघाली होती. मी एकोणीस वर्षांची, नववी पास, घरातली धाकटी सून, आणि तिथली स्वयंसेविका. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, "पाहू चार महिने" म्हणून जाऊ दिलं होतं. त्यांचं मन फिरलं की माझं काम संपणार, हे मला रोज सकाळी आठवायचं.

आम्ही पाचजणी होतो. पोरं सांभाळायची म्हणजे गाणी म्हणायची आणि दूध वाटायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. बाईंनी पहिल्या दिवशी वेगळंच सांगितलं... हातपाय धुताना अंगावर वळ दिसतात का बघा. कोणाला पाहून मूल गप्प होतं ते बघा. रोज उपाशी येणाऱ्या पोरावर रागावू नका, त्याच्या घरी जाऊन या. आणि मूल कोणाच्या हातात देता, ते नीट बघा.

या शेवटच्या वाक्याला आम्ही हसलो होतो. गावात परकं कोण असतं?

ड्रायव्हरचं हे घडलं दुसऱ्या दिवशी. लगेच बाईंनी आमची वही मागितली. मूल कोणाकडे सोपवायचं, असा एक रकाना त्यात होता. आम्ही तो इमानदारीने भरला होता. तीस पोरं, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द... घरचे.

दुसरं काय लिहिणार? आया नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. सासऱ्याचं, दिराचं तर नाहीच. आणि आम्हीही सुनाच, आम्ही कशाला विचारतोय...

बाईंनी आवाज चढवला नाही. ड्रायव्हरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाही घरचाच होता." शेवंता त्याने दिलेली शेव खात बसली होती.  मला एकाएकी घाम फुटला. तो माणूस वळणावरून परत आला नसता तर?

परवा, इतक्या वर्षांनी, नातीच्या शाळेच्या गेटवर माझ्याकडे ओळखपत्र मागितलं. शेजारचे आजोबा चिडले. मी मुकाट्याने काढून दाखवलं... मला तो घाम आठवत होता.

त्या दिवशी दुपारी आयांना बोलावलं. नाव सांगा म्हटलं की पदर तोंडावर. शेवटी बाईच म्हणाल्या, उखाण्यात घ्या. मग काय... बालवाडीचं लग्नघर झालं. शेवंताची आई उभी राहिली आणि ठसक्यात म्हणाली, "मयात लावली कांद्याची रोपं, महादेवरावाचं नाव घेनं नाई बाई सोपं!" मी लिहिलं, महादेव. मागून कोणीतरी ओरडलं, "लिव व माय लवकर, थे पुन्हा नाई सांगत!"

चार वाजता मामंजी दारात उभे. बाहेर बैलगाडी. बेबीला, माझ्या जाऊबाईंच्या मुलीला, संग्रामपूरच्या बाजारात न्यायचं होतं.

वहीत बेबीपुढे फक्त तिच्या आईबापांची नावं होती. मी वही बघितली, मामंजींचे पाय बघितले. त्यांच्याशी थेट मी कधी बोललेच नव्हते. बाई बाजूला बसून नुसत्या बघत होत्या...

"मामंजी, वहीत तुमचं नाव नाही. बेबीला देता येत नाही."

"माह्या नातीले न्याले मले वही इचारा लागते काय?" आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार.  मी बेबीचा हात सोडला नाही. माझे चार महिने आजच भरले, असं धरून चालले.

तेवढ्यात जाऊबाई शेतातून परतताना तिथे आल्या. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. बेबीला आणखी कोण नेऊ शकतं, त्याचं नाव आईनेच सांगायला हवं, म्हणाल्या. जाऊबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. सासऱ्याच्या नावाचा उखाणा नसतो. आणि सासरा तर समोरच उभा...

 मामंजींनी जाऊबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाकरले.

"मी निंबाखाली जाऊन उभा राह्यतो. सांग बाई तू."

आणि खरंच गेले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. सगळं गाव ज्यांना दबून असायचं ते मामंजी, शिक्षा झालेल्या पोरासारखे... जाऊबाई माझ्या कानाशी लागून पुटपुटल्या, "सुखदेव."  मीसुद्धा ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. पण लिहिलं, ठळक लिहिलं.

बेबी पळत जाऊन त्यांच्या धोतराला बिलगली, तेव्हा ते वळले. तिला खांद्यावर घेतलं. माझ्याशी बोलले नाहीत. गाडी निघून गेली.

नियम पाळायला धीर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझा तर टिकला कसाबसा... पण मामंजींना निंबापर्यंत चालत जायला जास्त लागला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी ओसरीवरून जाऊबाईंना म्हणाले, "लहानीले आंधी भाकर दे, तिले बालवाडीत जा लागते." लहानी म्हणजे मी, धाकटी सून. सगळ्यांआधी भाकर खाल्ली आणि गेले.