कढीपत्त्यावरचा हिरवा पाहुणा

माझे अप्पा शिंपी. लष्कर मोहल्ल्यात दुकान, अग्रहारात घर. अर्धांगाचा झटका आला नि त्यांचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, हलवत राहिलात तर हात पुन्हा चालेल. पण अप्पांनी हायच खाल्ली. मशीन घरी आणलं, त्यावर चादर टाकली आणि परसातल्या कढीपत्त्याकडे तोंड करून बसायला लागले. मला भारी राग यायचा. माणसानं इतक्या लवकर हात टेकावेत?

त्या थंडीत कढीपत्त्यावर एक पक्षी आला. चिमणीहून लहान, पाठ हिरवट, पोट मळकट पांढरं, डोळ्यावर फिकट भुवई. एका जागी ठरेल तर शपथ! पानापानाखाली किडे शोधायचा, मधूनच "चिस्वी, चिस्वी" ओरडायचा. एवढ्याशा जिवाचा केवढा आवाज!

"शिंपी पक्षी आहे. आपल्यातलाच," अप्पा म्हणाले. झालं! आम्ही सगळ्यांनी फांद्यांवर दोरे टाकले, कापूस अडकवला. आता हा पानं शिवून घरटं करणार! त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तर दिसेनासाच झाला. "मांजरानं खाल्ला," म्हणून अप्पा जेवले नाहीत.

हे ऐकून शेजारच्या मास्तरीणबाई हसल्या. "अय्यो, तो शिंपी नव्हेच. वटवट्या तो. घरटं त्याचं हिमालयात. इथं थंडीपुरता येतो. दसऱ्याच्या सुमारास बघा, हजर होईल."

"हिमालयातनं? एवढासा?" अप्पा खो खो हसले. आजारानंतर पहिल्यांदाच. "पाहुण्याला कामाला लावत होतो की आपण!" मग म्हणाले, "तो यायच्या आत कात्री धरणार मी." दुसऱ्या दिवसापासून आईनं चपात्यांची कणीक त्यांच्यापुढे सरकवायला सुरुवात केली. तिंबून तिंबून घाम गाळायचे, चिडायचे, पण सोडली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला मशीन, कात्री, सगळ्याला हळदकुंकू लागलं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा आमचा नेम. आरती संपतेय तोच परसातून आवाज आला, "चिस्वी!"

"आला!" म्हणत अप्पांनी उजव्या हातानं कात्री उचललीच. पाती उघडली, मिटली.

"अहो, आज शिवायची नसते ती!" आई ओरडली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि कापडाचा एक तुकडा त्यांच्यापुढे ताणून धरला. "आता उचललीच आहे, तर सरळ कापून दाखवा."