वेटिंग रूममधलं शिवणकाम

शिवणकाम शिकायला बसलं की कपडे कमी आणि किस्सेच जास्त तयार होतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आता एवढे साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच डोकं वर काढतो. ऐकाच.

आम्ही चौघं. मी मंजिरी, मरोळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. सुनंदा कांबळे माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, घाटकोपरला राहते आणि हाताने करता येण्यासारखं जगात जे जे काही आहे ते सगळं तिला येतं. नलिनीकाकू मूळच्या मालवणच्या, वय ऐंशीच्या आसपास, विणकामात उस्ताद. आणि डॉक्टर साठे, आमच्या मुलुंडचे दातांचे डॉक्टर. शनिवारी दुपारी त्यांचा दवाखाना बंद असतो, म्हणून त्यांच्या वेटिंग रूममध्ये आमचा क्लास भरतो. ज्याला जे येतं ते त्याने बाकीच्यांना शिकवायचं, एवढाच नियम. मला काहीच येत नाही, त्यामुळे मी चहा करते.

काकू इथे मुळात कवळी बसवायला आल्या होत्या. नंबर येईपर्यंत सोफ्यावर विणत बसल्या. डॉक्टर दारातून बघत राहिले, बघत राहिले आणि त्यांनी मागून आलेले सगळे पेशंट आधी आत घेतले. शेवटी काकूच ओरडल्या, ‘‘डॉक्टर, माझा नंबर कधी?’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘काकू, एवढी ओळ पूर्ण करा ना, प्लीज!’’

तिथून क्लास सुरू झाला.

*

माझा पहिला धडा. सुनंदाने घरून छोटं मशीन आणलं, टेबलावर ठेवलं आणि सुईत दोराच ओवला नाही. पुढ्यात माझ्या मुलीच्या जुन्या वहीचा रेघांचा कागद सरकवला.

‘‘या रेघेवरून चालव.’’

‘‘आणि दोरा?’’

‘‘दोरा कमवावा लागतो, मॅडम.’’

मला वाटलं, मस्करी करतेय. पण कितीतरी शनिवार मी नुसती कागदाला भोकं पाडत होते. कागद उजेडात धरला की माझी ओळ झिंगून घरी चाललेल्या माणसासारखी दिसायची. सुनंदा बघायची, कागद चुरगाळायची, नवा द्यायची.

एका शनिवारी मात्र काहीतरी झालं. पाय आणि हात यांचं आपसात जमलं. मी कागद उचलला आणि सरळ जाऊन डॉक्टरांच्या एक्स-रे बघायच्या दिव्यावर लावला. उजेडाचे बारीक ठिपके, एकामागे एक, रेघेवरून अगदी सरळ गेलेले! माझ्या हातून? मी बघतच बसले.

डॉक्टर चष्मा लावून पुढे आले, गंभीरपणे निरखून म्हणाले, ‘‘पेशंट वाचेल.’’

मागे वळून बघते तर सुनंदा सुईत दोरा ओवत होती.

*

दोरा मिळाला आणि माझ्या अंगात आलं. आई गेल्यावर तिची एक इरकल साडी माझ्याकडे आली होती. मधे विरली होती, नेसण्यासारखी राहिली नव्हती. तिचं माझ्या मुलीसाठी, ईशासाठी, जॅकेट करायचं ठरवलं. ईशाने आजीच्या मांडीवर त्याच साडीच्या पदराखाली झोपा काढलेल्या. म्हटलं, सरप्राइज देऊ. घरी एकटीनेच कापलं.

शनिवारी तुकडे सुनंदापुढे मांडले. तिने पुढचे दोन भाग शेजारी शेजारी ठेवले.

‘‘मंजू, हे दोन्ही डावेच आहेत गं.’’

उजवा भाग मी कापलाच नव्हता! डाव्याच बाजूचा मापाचा कागद दोनदा ठेवून दोनदा कापला होता. आणि उरलेली साडी विरलेली. दुसरा तुकडा निघणार नव्हता. आईची साडी म्हणजे काय दुकानातून परत आणणार होते? वाट लागली होती. मी तिथेच, त्या दातांच्या पोस्टरखाली, ढसाढसा रडायला लागले.

सुनंदाने मला रडू दिलं. मग एक तुकडा उचलला, पालथा केला, परत ठेवला. उजवा भाग तयार!

‘‘रडायच्या आधी पालथं करून बघायचं,’’ ती म्हणाली. ‘‘हातमागाची आहे ही. दोन्हीकडून सारखीच विणलीय.’’

मी तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करत राहिले. इतकी वर्षं ही साडी मी बघतेय, धुतलीय, घडी घातलीय. कधी लक्षातच आलं नाही.

सुनंदा टाचण्या लावता लावता म्हणाली, ‘‘नशीबवान आहेस बघ. तुझ्या आईच्या साडीला उलटी बाजूच नाही.’’

*

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुढच्याच शनिवारी काळा गॉगल लावून हजर!

‘‘काकू, विश्रांती सांगितलीय ना?’’

‘‘डोळ्यांना सांगितलीय गो. हातांना कोणी काय सांगूक नाय.’’

मी त्यांच्याकडून शिकून विणलेला माझा मफलर त्यांच्या मांडीवर ठेवला. पूर्ण झालेला, माझ्या मते एकदम झकास. काकूंनी तो बोटांमधून सरकवत नेला. तोंड खिडकीकडे, गॉगल काळाकुट्ट. मधेच बोटं थांबली.

‘‘हयसर एक टाको सुटलो.’’

मी बघितलं, काही नाही. सुनंदाने बघितलं, काही नाही. डॉक्टर आतून त्यांचा दातांसाठीचा भिंगाचा चष्मा घालून आले, मफलरवर वाकले आणि एकदम म्हणाले, ‘‘आहे! आहे!’’ खरंच, एक टाका खालच्या ओळीत लटकत होता, पळून जायच्या तयारीत.

म्हटलं, गेला माझा मफलर. आता सगळा उसवायचा. पण काकूंनी क्रोशाची सुई मागून घेतली, तो टाका बरोबर पकडला आणि एकेक पायरी चढवत वर आणला. बघत नव्हत्याच. त्याच वेळी सुनंदाला तिच्या सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल विचारत होत्या.

डॉक्टर हात जोडून म्हणाले, ‘‘काकू, रूट कॅनलला असिस्टंट म्हणून येता का?’’

‘‘नको रे बाबा. लोकरीला वास नसता.’’

*

डॉक्टरांचीही एक गंमत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिने आईचीच नथ घालायचा हट्ट धरला. नथीची तार झिजलेली, मोती सैल झालेले. डॉक्टर म्हणाले, मीच ओवतो, तारांमध्येच आयुष्य गेलंय माझं. सुनंदा शिकवायला तयार झाली. शनिवारी आम्ही पोचेपर्यंत यांनी नथ सोडवून सगळे मोती स्टीलच्या ट्रेमध्ये मांडलेसुद्धा!

सुनंदाने विचारलं, ‘‘सोडवायच्या आधी फोटो काढलात ना?’’

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

‘‘आता कुठला मोती कुठे होता ते कसं कळणार?’’ सुनंदा म्हणाली.

घरी सांगायची सोय नव्हती. शेवटी ते गुपचूप स्वतःच्या लग्नाचा अल्बम घेऊन आले. भिंगाचा चष्मा चढवला आणि बायकोच्या फोटोवर वाकून बसले. एक मोती ओवायचा, फोटो बघायचा. चुकलं की काढायचं, परत फोटो बघायचा. चहा निवला. आम्ही आमची कामं उरकली. हे आपले फोटोतच.

संध्याकाळी नथ तयार झाली. सुनंदाने ती फोटोशेजारी धरली. अगदी तीच! आम्ही टाळ्या वाजवल्या, पण डॉक्टरांची नजर अजून अल्बमवरच.

‘‘काय झालं डॉक्टर?’’

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘हिचं नाक किती सुंदर आहे, यार. इतकी वर्षं मी नुसते दातच बघत राहिलो.’’

*

सुनंदाची बहीण एका हॉस्पिटलात नर्स आहे, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात. तिने टोप्या मागितल्या. काकूंनी भराभर विणल्या. बहिणीने बघितल्या आणि हसली. ‘‘काकू, या खूप मोठ्या झाल्या. आमच्या बाळांचं डोकं मोसंबीएवढं असतं.’’

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. काकूंना तसं वाटलं नाही. त्यांनी मला फळवाल्याकडे पिटाळलं. मी गाडीपाशी उभी राहून टेपने मोसंबी मोजायला लागले तर तो म्हणतो, ‘‘ताई, ज्यूस काढायचाय की ब्लाउज शिवायचाय?’’

काकूंनी मोसंबीवर बेतून टोपी विणली. मऊ पिवळी. मी आणि सुनंदा घेऊन गेलो. काचेबाहेर उभ्या राहिलो. आत बहिणीने ती टोपी एका मुलीच्या डोक्यावर ठेवली, आणि टोपी घसरून नाकापर्यंत आली. सैल होती. मोसंबीची टोपी सैल होती!

आम्ही दोघी परत आलो. काकूंना कसंबसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, परत सुया उचलल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘जा गो, संत्रा घेऊन ये. सगळ्यात बारीक असात ता.’’

दुसरी, तशीच पिवळी टोपी गेली. रात्रीच्या आत बहिणीचा एका शब्दाचा मेसेज आला. ‘बसली.’

बऱ्याच महिन्यांनी त्या मुलीच्या आईने फोटो पाठवला. गाल असे भरलेले, दोन दात, खदाखदा हसणारी पोरगी. पिवळी टोपी तिच्या मुठीवर घातली होती. मुठीवर! आणि तीही जरा घट्टच बसत होती.

*

आता हा शेवटचा.

काकूंच्या यजमानांना आम्ही कोणी भेटलो नव्हतो. गोरेगावच्या स्टुडिओत ते कपडेपटाचे कटिंग मास्टर होते, मोठमोठ्या हिरॉइनींचे ब्लाउज त्यांच्या हातचे, एवढं काकूंकडून ऐकलेलं. काही वर्षांपासून त्यांची आठवण पुसत चालली होती. काकूंनाही ओळखत नव्हते. कधी त्यांना शेजारीण समजायचे, कधी कामवाली. पण माणूस सभ्य, अहो-जाहो करायचे. शनिवारी मुलगा त्यांच्याजवळ बसायचा, म्हणून काकूंना येता यायचं.

त्या शनिवारी मुलगा बाहेरगावी गेला होता. काकू त्यांचा हात धरून दारात उभ्या राहिल्या. ‘‘आज मास्टरांना पण घेऊन आलंय.’’

मास्टर कोपऱ्यात बसले. पांढरा शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली. थोड्या थोड्या वेळाने विचारायचे, ‘‘माझा नंबर कधी?’’ आणि डॉक्टर दरवेळी तितक्याच अदबीने सांगायचे, ‘‘तुमच्या आधी दोघं आहेत. बसा हं.’’

सुनंदा काकूंसाठी ब्लाउज कापायला बसली होती. कापड पसरलं, खडूने पहिली रेघ मारली. खडूचा तो आवाज झाला आणि मास्टर उठले. टेबलापाशी आले. कापडावरून तळवा फिरवला. सुनंदाकडे हात पुढे केला.

सुनंदाने गळ्यातला टेप काढून त्यांना दिला.

त्यांनी तो आपल्या गळ्यात टाकला, आणि खरं सांगते, माणूस उंच झाला. पाठ सरळ, मान ताठ.

‘‘कोणाचं शिवायचंय?’’

सुनंदाने काकूंकडे बोट दाखवलं. काकू सुया बाजूला ठेवून उठल्या.

‘‘या बाई. अशा उजेडात उभ्या राहा. सरळ. श्वास रोखू नका.’’

काकू उभ्या राहिल्या. मास्टरांनी मापं घ्यायला सुरुवात केली. खांदा, बाही, गळा. टेप लावत होते पण आकडे बघत नव्हते. हात इतके हलके की कापडाला लागत होते की नाही कळू नये. डॉक्टर दारातच थांबले होते. माझ्या हातातला चहाचा ट्रे तसाच.

डाव्या खांद्यापाशी मास्टर थबकले.

‘‘बाई, तुमचा डावा खांदा जरा उतरता आहे.’’

‘‘असेल,’’ काकू म्हणाल्या.

‘‘त्या बाजूला वेगळं कापावं लागतं. नाहीतर गळा सारखा सरकतो.’’ मग जरा हसले. ‘‘आमच्या हिचा पण अगदी असाच आहे.’’

काकू समोर बघत होत्या, सरळ, त्यांनी सांगितलं होतं तशाच.

‘‘मग तिच्याच मापाने कापा की, मास्टर.’’

मास्टरांनी टेप गळ्यातून काढला. बोटांभोवती हळूहळू गुंडाळला.

‘‘नाही हो बाई,’’ ते म्हणाले. ‘‘तिचं माप मी कोणाला देत नाही.’’