इंचाला अठरा दात

लोखंडावर मिळवलेला ताबा हा मानवजातीच्या वाटचालीतला एक निर्णायक टप्पा मानला जातो. आमच्या डेपोत हा टप्पा दोन हजार सालानंतर कधीतरी एका लाकडी खोक्यातून आला, आणि आल्यावरही पहिला पाऊण तास लोखंडच जिंकत होतं.

मी तेव्हा अहेरीच्या पुढे एका लाकूड डेपोत भांडारपाल होतो. डेपो म्हणजे जंगलातून आणलेल्या सागाच्या थप्प्या, लाकडांवर मारलेले हातोड्याचे शिक्के, लिलावाच्या दिवशी येणारे व्यापारी आणि बाकीच्या दिवशी येणारी गुरं. थप्प्यांच्या मधल्या जागेत गवत चांगलं वाढायचं. ते खायला गावातली गुरं फाटकातून आत शिरायची. म्हणून डेपोच्या साहेबांनी फाटकात आडवा खड्डा खणून त्यावर लोखंडी पाइपांची जाळी बसवून घेतली होती. ट्रक वरून निघून जातो, गुराला मात्र पाय ठेवायची भीती वाटते, अशी त्यामागची कल्पना. गुरांना ती कोणी समजावून सांगितली नव्हती.

खोकं आलं ते कसल्याशा योजनेतून. ते आमच्या हवाली करायला मंडप घातला गेला, वरचे साहेब आले, नारळ फुटला आणि यंत्रयुगावर बरंच मोठं भाषण झालं. खोक्यात विजेवर चालणारी करवत होती. बंदुकीसारखी मूठ आणि पुढे वीतभर पातं, जे शिवणयंत्राच्या सुईसारखं सटासट मागेपुढे होतं. खोक्यावर ‘रेसिप्रोकेटिंग सॉ’ असं नाव छापलेलं होतं. ते दुसऱ्यांदा उच्चारायची कोणाला इच्छा झाली नाही, त्यामुळे डेपोत तिला नुसतंच मशीन म्हणू लागले. कार्यक्रमात मशीनला हार घातला होता. तो सुकल्यावर मी काढला आणि मशीन कपाटात ठेवून दिलं.

सोबत पात्यांची दोन पाकिटं होती. एकातल्या पात्यांना मोठे दात, इंचाला सहा. दुसऱ्यातल्या पात्यांना बारीक, इंचाला अठरा. डेपोतले सगळ्यात जुने माणूस म्हणजे आमचे आरेवाले भाऊ. आरा म्हणजे मोठी करवत; तिनं साग कापण्यात त्यांचा जन्म गेला होता. करवतीला कानस मारताना दात बरोबर लागला की नाही हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. त्यांनी बारीक दातांचं एक पातं उन्हात धरून पाहिलं.

“हे काय दात हायेत गा? उंदराचे? याच्यानं साग कापाले बसलो तं माहा नातू म्हातारा होईन.”

सागाच्या बाबतीत त्यांचं बरोबरच होतं. लाकडाचा भुसा दातांमधल्या खाचेत मावावा लागतो, म्हणून दात मोठे आणि विरळ हवेत. आमच्या भागात करवत म्हणजे लाकडाची करवत. लोखंड कापायचा प्रसंग आलाच तर अहेरीहून मिस्त्रींना बोलवायचं आणि आपण बाजूला उभं राहायचं, अशी रीत होती.

मी मात्र खोक्यातलं पत्रक वाचलं होतं. डेपोत वाचायला दुसरं फारसं काही नसायचं. धातू कापताना पात्याचे निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकलेले असावेत, असं त्यात लिहिलं होतं. जाड सळई असेल तर विरळ दात चालतात. पाइपाची भिंत पातळ असते, तिला बारीकच हवेत. वेग कमी ठेवावा आणि मशीनचा पुढचा लोखंडी टेकू कामावर घट्ट दाबून धरावा, हेही होतं. पत्रक छान होतं. मी ते घडी घालून फायलीत लावलं.

त्यानंतर उन्हाळ्यातल्या एका दुपारी चहावाल्या बाईंची म्हैस जाळीत अडकली.

बाईंची टपरी फाटकाच्या समोरच होती. नवरा गेल्यापासून त्यांचं घर आणि टपरी या एका म्हशीवर चालत होतं. म्हशीनं गवताच्या दिशेनं पाऊल टाकलं आणि तिचा पुढचा डावा पाय दोन पाइपांच्या फटीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. ती ओढत होती आणि पाइप तसूभर हलत नव्हते. बाई तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं धरून उभ्या होत्या.

“ओढू नका कोणी,” त्या म्हणत होत्या. “पाय मोडला तं म्हैस गेली. मंग मीबी गेली.”

साहेबांनी अहेरीला मिस्त्रींना फोन लावून गॅस कटर आणायला सांगितलं. मिस्त्री यायला तासभर तरी लागणार होता. तेवढ्यात साहेबांना मशीन आठवलं. त्यांचा चेहरा उजळला. अशा प्रसंगासाठीच तर मंडप घातला होता.

वीज होती, ही त्या दिवसातली पहिली असाधारण घटना. मी मशीन, लांब वायर आणि दोन्ही पाकिटं घेऊन आलो. मशीन अर्थातच आरेवाल्या भाऊंच्या हातात गेलं. मी बारीक दातांचं पाकीट पुढे केलं. भाऊंनी ते माझ्याच खिशात परत सरकवलं आणि मोठ्या दातांचं पातं लावलं. पत्रकातलं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण उभा जन्म करवत धरलेल्या माणसाला सगळ्यांदेखत दात शिकवायचे, तेही कपाटाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यानं, हे मला जमलं नाही.

भाऊंनी पाइपाच्या मधोमध, म्हशीच्या पायापासून दीड हातावर, पातं टेकवलं. मशीन सुरू झालं आणि अख्खी जाळी ढोलासारखी वाजायला लागली. दात पाइपाच्या कडेत अडकायचा, पाइप उचलला जायचा, दात सुटायचा आणि पाइप परत आपटायचा. म्हैस रेकून मागे ओढ घेऊ लागली. गुडघ्याखालची कातडी सोलली आणि रक्त दिसलं.

“ओ भाऊ, पाइप कापून राह्यले का माह्या म्हशीचा पाय?”

“थांब ना वं. बसते आता पातं.”

“पातं बसते तवरीक म्हैस बसन ना खाली!”

पातं बाहेर काढलं तेव्हा मधले दात गेले होते. पाइपावर नखानं ओढल्यासारखा एक चरा होता. दुसऱ्या पात्याचं तेच झालं. “जोर लावा,” साहेब म्हणाले. भाऊंनी अंगाचा भार टाकला, तेव्हा तिसरं पातं वाकलं. भाऊ घामानं भिजले होते आणि पहिल्यांदाच मशीनकडे संशयानं पाहत होते.

मिस्त्री आले ते मोपेडवर, एक पिशवी घेऊन. घरात आजोबांपासून लोखंडाचं काम. ही जाळीही त्यांनीच वेल्डिंग करून बसवलेली.

“गॅस कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, गॅस लावला की पाइप लाल होणार. म्हशीचा पाय काढायचा आहे का भाजायचा आहे?” मग त्यांनी खाली बसून मशीनमधलं पातं पाहिलं. “ये किसने लगाया?”

“मीच,” भाऊ म्हणाले.

मिस्त्रींनी ते पातं काढून पाइपावर धरलं. “भाऊ, लाकूड असतं तर तुमच्यापुढे मी तोंड उघडलं नसतं. पण ह्या पाइपाची भिंत बघा केवढी. तुमचा एक दात बसतो तिच्यावर. एका दातानं भाकर तुटते का? बारीकवालं नाई आहे का दुसरं?”

मी खिशातून पाकीट काढलं.

बाईंनी पोत्याआडून पाहिलं. “हे तुमच्या खिशात होतं?”

“हो.”

“अन् तुमाले मालूम होतं?”

मी मान डोलावली.

“मंग काऊन नाई सांगतलं? एवढं वाचता येते माणसाले, अन् बोलता येत नाई?”

मी पाकीट मिस्त्रींच्या हातात दिलं.

त्यानंतरचं काम मी बारकाईनं पाहिलं, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे उरलं नव्हतं. मिस्त्रींनी मधला भाग सोडून पाइपाच्या टोकाशी, चौकटीला जिथं तो जोडला होता त्याच्या चार बोटं अलीकडे, खडूनं खूण केली. तिथं पाइप कमी थरथरतो आणि पायही लांब राहतो. “माझं वेल्डिंग तुटणार नाई, त्याच्या नादी लागू नका,” हे त्यांनी जाता जाता सांगून घेतलं. पातं आखूड निवडलं. टेकू पाइपाला घट्ट दाबला आणि मशीन हळू चालवलं. मग तेल मागितलं. बाईंनी कढईतलं भज्यांचं तेल वाटीत आणून दिलं. मिस्त्री ते थेंब थेंब सोडत राहिले. पाइप आता वाजत नव्हता, नुसता गुणगुणत होता. लोखंडाचा बारीक कीस खाली पडत होता आणि फाटकात कांदाभज्यांचा वास सुटला होता.

एक टोक सुटलं. दुसरं टोक कापताना पाइप खाली झुकला तर चीर मिटते आणि पातं आवळलं जातं, म्हणून मिस्त्रींनी खाली आधार मागितला. भाऊंनी सागाचा ठोकळा आणून नेमका ठोकला आणि मग तिथंच कान लावून बसले. मशीन चालू होतं. मधेच त्यांनी हात वर केला.

“थांबा. आवाज पातळ झाला. आता थोडंच राह्यलं.”

मिस्त्रींनी मशीन थांबवून पाहिलं. खरोखरच कागदाएवढी जोड उरली होती. ती त्यांनी पिशवीतल्या हेक्सा ब्लेडनं, म्हणजे लोखंडाच्या हातकरवतीच्या पात्यानं, हातानं कापली, पाइप अंगावर येऊ नये म्हणून. भाऊंनी आणि मी पाइप उचलून बाजूला केला. म्हशीनं पाय वर घेतला, जरा वेळ अधांतरी धरला आणि मग जमिनीवर टेकला. बाईंनी खुरापासून खांद्यापर्यंत हाड चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं, आणि ओलं पोतं सोललेल्या जागेवर गुंडाळलं.

आधुनिक यंत्रसामग्रीच्या तत्पर वापरामुळे एका मुक्या जिवाचे प्राण वाचले, असा अहवाल साहेबांनी वर पाठवला. त्यात मिस्त्री नव्हते आणि तेलही नव्हतं. म्हैस चार दिवस लंगडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दूध दिलं, पण रोजच्यापेक्षा लिटरभर कमी. ती तूट बाईंनी पाण्यानं भरून काढली, हे दहाच्या चहात सगळ्यांना कळलं.