आण्णांनी सांगितलं तेच

माझे थोरले भाऊ शेषेराव, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सातवी पास आहेत. नांदेडच्या विद्यापीठात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही. तरी तिथल्या ग्रंथालयात त्यांच्याविषयी जेवढं लिहून ठेवलेलं आहे, तेवढं एखाद्या आमदाराविषयीही नसेल.

कारण साधं आहे. आमचं गाव मुखेडच्या पुढं, उदगीरच्या अंगाला. एसटी शाळेच्या ओट्याजवळ थांबते आणि ओट्यावर आण्णा बसलेले असतात. संशोधन करणारं कुणीही उतरलं की त्याला आधी आण्णा दिसतात. मग ते त्याला घरी नेतात, पाणी देतात, वहिनी चहा ठेवतात, आणि संशोधन सुरू होतं.

सुरुवातीला भूशास्त्राचा एक मुलगा दगड न्यायला आला होता. नंतर विहिरीच्या पाण्याचं कुणी, सापांचं कुणी, गायीवरच्या गोचिडांचं कुणी. निजामाच्या काळातले कोणते शब्द बोलण्यात उरलेत हे बघायला एक प्राध्यापक आले, तेव्हा आण्णा दोन दिवस असे शब्द बोलले की वहिनींना त्यातलं काही कळेना. मतदान, मोबाईल, बचत गट, रानभाज्या, सगळं झालं. जात्यावरच्या ओव्या गोळा करणारी मुलगी आली, तेव्हा वहिनी, म्हणजे साखराबाई, शेतात होत्या. तिला एवढ्या लांबून रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून आण्णांनी स्वतःच ओव्या म्हटल्या. ते रेकॉर्डिंग विद्यापीठात आहे म्हणतात.

आण्णांच्या मते पाहुण्याला "माहीत नाही" म्हणणं हा त्याचा अपमान आहे. त्यामुळं त्यांना माहीत नाही असं गेल्या वीस वर्षांत काही निघालेलं नाही.

माझी मुलगी वर्षाराणी समाजशास्त्रात पीएचडी करते. मी स्वतः समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं, पुढं लग्न झालं. कोरडवाहू गावांतले साठीपुढचे लोक रोज काय खातात, हा तिचा विषय. गाव मामाचंच घ्यायचं हे मी सुचवलं. मुलगी एकटी कुठं कुठं फिरणार, एसटी चुकली तर काय, रात्री कुणाकडे राहणार, हे सगळे प्रश्न त्यानं सुटत होते.

आण्णांनी तिचं काम फार सोपं केलं. स्वतःला धरून गावातले साठ म्हातारे-म्हाताऱ्या त्यांनी शाळेच्या ओट्यावर एकत्र बसवले. वर्षाराणीनं पहिला प्रश्न विचारला. आण्णा म्हणाले, सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर ताक. भरडधान्यांवर संशोधन करणारे एक सर मागं या उत्तरावर फार खूश झाले होते, तेव्हापासून आण्णा तेच देतात. त्यानंतर बाकीच्यांनी एकेक करून सांगितलं, आण्णांनी सांगितलं तेच. थोरल्या माणसानं चारचौघांत उत्तर दिल्यावर त्याहून वेगळं बोलणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. एवढं भान आमच्या गावाला आहे. दुपारच्या एसटीनं ती परत आली. मी देवापुढं साखर ठेवली.

तिच्या गाईड मॅडमनी ते सगळं वाचलं आणि विचारलं, "वर्षाराणी, त्या गावात एकच माणूस राहतो का?"

प्रबंध दिवाळीच्या आत जमा करायचा होता. मुदतवाढ एकदा घेऊन झालेली, दुसरी मिळत नव्हती. पुन्हा गावात जाऊन प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा, नाहीतर नोंदणी रद्द होईल, असं मॅडमनी सांगितलं. सहा वर्षं पाण्यात गेली असती. त्यात लातूरच्या एका स्थळाकडून दर महिन्याला फोन यायचा, पीएचडी हा नक्की किती दिवसांचा आजार आहे अशा सुरात. मला झोप लागेना. वर्षाराणीला लागायची, त्याचीही मला काळजी वाटायची.

मी तिच्यासोबत गावी गेले. आण्णांना हे कसं सांगायचं याची मी मुखेडपर्यंत मनात जुळवाजुळव केली, पण वर्षाराणीनं चहाच्या आधीच सांगून टाकलं. मामा, तुम्ही समोर असलात की बाकीचे लोक आपलं सांगत नाहीत.  आण्णांनी पटका बांधला, पिशवीत एक धोतर घातलं आणि पोरीकडं देवणीला जातो म्हणून निघाले. गाव मोकळं करून देतो, म्हणाले. मी मागं धावले तर म्हणाले, "रागानं न्हाई जात उज्वला. हितं असलो तर मला बोलल्याबिगर राहवणार न्हाई."

वर्षाराणी घरोघर गेली. लोकांनी बसायला टाकलं, चहा पाजला आणि सांगितलं, आण्णा येऊ द्या, मग विचारा.

दोन दिवस असे गेल्यावर तिनं देवणीला फोन लावला. शेजारच्या रामकिशन काकांच्या अंगणात लोक जमले आणि फोनचा आवाज मोठा केला. आण्णांनी पलीकडून सगळ्यांना आपापलं खरं सांगायला सांगितलं. मी बी भाकरीचं उगं सांगितलं होतं, म्हणाले, दात गेल्यापासून मी सकाळी चहात टोस्ट बुडवून खातो. सगळ्यांनी माना हलवल्या. संध्याकाळपर्यंत वर्षाराणीकडे बावीस उत्तरं आली. बावीस जण चहात टोस्ट बुडवून खात होते. त्यातल्या रामकिशन काकांचे सगळे दात शाबूत आहेत.

त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. मी तिला गरम पाणी प्यायला दिलं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वहिनी चुलीपुढं बसून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "विचारतीस कशाला पोरी? जेवायच्या टायमाला जाऊन बघ की."

दुसऱ्या दिवसापासून त्या तिला घेऊन फिरल्या. पुढच्या दारानं नाही, परसातून, नेमक्या जेवणाच्या वेळी. ताटातलं बघायचं, मग त्याच माणसाला एकट्याला विचारायचं. ताट समोर असल्यावर माणसाला दुसऱ्याचं उत्तर देता येत नाही. कुणी रेशनच्या तांदळाचा भात आणि लोणचं खात होतं. कुणी चपाती, कुणी सकाळची शिळी भाकरी ताकात कुस्करून. एक आजोबा नातवाच्या पोषण आहारातली खिचडी खात होते. ते म्हणाले, "हे लिहू नको बाई, पोराचं बंद करतील." वर्षाराणीनं त्यांचं नाव न घालता लिहिलं. मी दारात चप्पल घालून उभी राहायचे, एसटी किती वाजता आहे याची चौकशी करत.

शेवटी आण्णाच राहिले. ते देवणीहून आले. वर्षाराणी त्यांना आतल्या खोलीत घेऊन बसली आणि तिनं मला बाहेर काढलं. मुलाखत एकट्याचीच हवी, हा मॅडमचा नियम. आण्णांनी जन्मात एकट्यानं उत्तर दिलं नव्हतं. मला दाराआडून ऐकू येत होतं. आधी त्यांनीच विचारलं, बाकीच्यांचं काय आलं? तिनं सांगितलं, ते सांगता येत नाही मामा.  मग त्यांनी उठून दार उघडलं आणि चुलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"रात्री मी काही खात न्हाई. ताट घेऊन गोठ्यात जातो अन् भाकर गायीला घालतो. चाववत न्हाई. हिला सांगायची लाज वाटती, ती एवढी थापती म्हणून."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "ठाऊक हाय. गाय बघितली का कशी झालीया ती? तुम्ही कवा सांगताव म्हणून थांबले होते."

"मग मला इचारायचं न्हाई का?"

"इचारलं असतं तर भाकर, अंबाडीची भाजी अन् ताक सांगितलं असतं."

 वहिनींनी भाकरी दुधात कुस्करून आण्णांपुढं ठेवली आणि त्यांनी ती आमच्यासमोर बसून खाल्ली. वर्षाराणीनं वहीत बघितलं. हे उत्तर दार उघडून, दुसऱ्यांना ऐकवून दिलेलं होतं, नियमात बसत नव्हतं. तिनं त्यावर रेघ ओढली.

प्रबंध दिवाळीच्या आत जमा झाला. त्यात एकोणसाठ माणसं आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे आहेत, ते कसे असतील कोण जाणे. विद्यापीठातून इतकी वर्षं माणसं येत राहिली आणि आण्णा सगळ्यांच्या कामात आले. भाचीच्या प्रबंधात मात्र ते नाहीत. मी त्यांना फोनवर हे भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, आणि फोन ठेवतो म्हणाले, जेवण गार होत होतं.