मधला शब्द

तंबाखूचं पान आणि टॅब एकाच नाकाने पारखणारा माणूस निपाणी ते बेळगाव एकच, आणि तो माझा नणंदावा. त्यांना सगळे दाजी म्हणतात, मीही म्हणते. उभा जन्म त्यांनी निपाणीच्या वखारीत तंबाखूची प्रत ठरवण्यात घालवला. पान नाकाशी धरायचं, अंगठ्याने चोळायचं, जरा वाकवायचं आणि सांगायचं, कुठल्या शिवारातलं, किती वाळलेलं. रिटायर होऊन बेळगावजवळ हिंडलग्याला, आमच्या गल्लीत राहायला आले आणि पारखायला पान उरलं नाही, तेव्हा त्यांनी टॅब धरला. दुकानदाराने नवा टॅब हातात दिला की हे आधी हुंगणार, मग कडेने अंगठा फिरवणार, मग वाकवायला बघणार. दुकानदार ओरडला की शांतपणे म्हणणार, "अजून हिरवं हाय. आणि थोडी वर्सं वाळू दे, मग वाकंल." आम्ही हसायचो. पुढे घडी घालायचे टॅब खरोखरच निघाले, तेव्हा त्यांनी ती जाहिरात गल्लीत घरोघर नेऊन दाखवली. मला म्हणाले, "आता फुडं काच बी ऱ्हायची न्हाय वयनी. नुसता उजेड. तळहातावर घ्यायचा, वाचायचा, पुसून टाकायचा." मी विचारलं, "आणि त्याच्याफुडं?" दाजी म्हणाले, "त्याच्याफुडं लिवणारं माणूस बी लागायचं न्हाय." एवढं बोलून चहा बशीत ओतून प्याले.

बंद पडलेला टॅब त्यांनी कधी विकला नाही. वखारीत पानं टांगतात तसे चार मेलेले टॅब सुतळीने बांधून सोप्यात आढ्याला टांगले. वारा आला की ते हळूहळू फिरतात. खालून जाताना वर बघितलं की चारी काळ्या काचांत आपलंच तोंड दिसतं, आणि चारी ठिकाणी जरा वेगळं. पोस्टमन दारातूनच हाक मारतो, आत येत नाही. मी एकदा म्हटलं, "काढा की ते, भूतं टांगल्यागत दिसतंय." दाजी म्हणाले, "वाळत्यात."

त्यांचे कान वखारीच्या मशिनीतच गेले. त्यामुळे आक्का, म्हणजे माझी नणंद, त्यांच्याशी टॅबवर लिहून बोलायची. बिड्या वळून वळून तिची बोटं अशी चपळ झाली होती की मला तोंडाने बोलायला लागायचा तेवढ्या वेळात ती लिहून मोकळी. जेवाय या. गोळी घेतली का. गॅस बंद केला का. कायबी टाकू नका. सात वर्षं रोज हेच. त्या टॅबवर अक्षरांच्या वर तीन शब्द आपोआप येतात, पुढे काय लिहिणार ते ओळखून. रोज तेच तेच लिहिलं की ते यंत्राला पाठ होतं, असं माझी लेक सांगते.

आक्का गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "घराकडं बघतो," "दाजींना एकटं ठेवत न्हाय," सगळं बोलून झालं. कावळा फांदीवरून हलेना. तेव्हा दाजींनी पिशवीतून टॅब काढला आणि काहीही न लिहिता वरच्या तिन्हीतला मधला शब्द दाबला. पुन्हा मधला. पुन्हा मधला. काचेवर आलं, गॅस बंद केला का. मला एकदम आठवलं. माझ्या घरी दूध गॅसवर तसंच राहिलं होतं. शेजारणीला फोन केला, तिने मागच्या दाराने जाऊन गॅस बंद केला. पातेलं जळून काळं झालं होतं. मी फोन ठेवला आणि कावळा खाली उतरला. दाजींनी माझ्याकडे बघितलं. "भूक लागली आसंल त्याला," मी म्हटलं.

तेव्हापासून दाजी दुपारी मधला शब्द दाबत बसायचे. मी भाकरी घेऊन गेले तरी जेवायला उठायचे नाहीत. काचेवर जेवाय या आलं की हात धुवायचे. असं वर्षभर चाललं. मग त्या टॅबचं पोट फुगायला लागलं. काच एका बाजूने उचलली. दाजी उशाशी घेऊन झोपायचे. म्हणायचे, "श्वास भरून घेतलाय तिनं."

मी त्यांना ओढत कॅम्पातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथली पोरगी टॅब बघून दोन पावलं मागे सरली. "आज्जी, हे घरात ठेवू नका. बॅटरी फुगलीय, पेट घेईल."

"मग दुसरी घाल."

"ह्याची येत नाही आता."

"आतलं सगळं नव्यात काढून देशील?"

"फोटो येतील. वर येतात ते शब्द येतील का, ते नाही सांगता येत."

दाजी आमच्या तोंडाकडे बघत उभे. त्यांना सांगायचं म्हणजे लिहायलाच हवं, आणि लिहायला तोच टॅब. मी चौथी शिकलेली, एका बोटाने शोधत शोधत लिहिलं, हा आता टाकू. पुढे या लिहिणार, तोच वर मधे शब्द आला, नका.

पोरीने वाकून वाचलं. मी बोट मागे घेतलं. दाजी म्हणाले, "बघा वयनी." आणि रडायला लागले. त्यांना मी पहिल्यांदाच रडताना बघितलं.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, टॅब नाकाशी धरला, कडेने अंगठा फिरवला, उचललेली काच हळूच दाबली. वखारीत दाबायचे तशी. "ओल धरली," म्हणाले. "कुजलेलं पान गड्डीत ठेवता येत न्हाय." आणि स्वतःच्या हाताने पोरीकडे दिला.

नव्यात फोटो आले. शब्द आले नाहीत. मधला दाबला की मी, आणि, धन्यवाद असलं काहीतरी यायचं. दाजी म्हणाले, "ह्यात कोण न्हाय." दोन दिवस भाकरी तशीच परत आणली. तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसून लिहिलं, जेवाय या. त्यांनी वाचलं आणि उठून हात धुतले.

मग रोज मीच लिहायला लागले. आक्कासारखं मऊ मला जमत नाही. मी लिहायची, जेवाय या, वरण सांडू नका, किती येळ बसलाय.

परवा मला भाकरी न्यायला उशीर झाला. जाऊन बघते तर दाजी हात धुऊन, ताट मांडून बसलेले. वर चारी काचा हळूहळू फिरत होत्या. मी हातवारे करून विचारलं, आज आधीच कसे बसलात? दाजी म्हणाले, "तुमीच बलिवलं की." टॅब माझ्यापुढे धरला. त्यावर माझं बोलणं होतं, शब्दाला शब्द. मी तेव्हा माझ्या घरी पीठ मळत होते.

माझ्यामागे दाजींना जेवायला कोण बोलवणार, ही मला काळजी होती. आता ती उरली नाही, आणि ते काही बरं वाटत नाही. म्हणून हल्ली मी रोज एखादा शब्द मुद्दाम वेगळा लिहिते.

दाजी मात्र मधलाच दाबतात.